माहेरी बाळंतपणाला निघताय? आधी हे कार्ड पिशवीत टाका

(हातात माता-बाल संरक्षण कार्ड)

नमस्कार. डोहाळजेवण झालं, आता कोल्हापुरातून गडहिंग्लजला माहेरी निघायचं. पिशवीत दुपटी, झबली, अळीव सगळं पडतं. हे कार्ड मात्र सासरच्या कपाटातच राहतं.

उघडून बघा. रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा. रात्री कळा सुरू झाल्या तर अनोळखी डॉक्टरांना तुमची सगळी माहिती इथंच मिळते.

निघण्याआधी दोन फोन करा. सासरच्या आशाताईंना आणि माहेरच्या आशाताईंना. कारण सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात. पण सासरच्या ताई म्हणतात, बाई माहेरी गेली. माहेरच्या ताईंच्या यादीत नावच नसतं. सहाही भेटी बुडतात, आणि नाजूक दिवस नेमके हेच.

त्या भेटीत बाळाचं वजन होतं, नाळ बघतात आणि श्वास मोजतात. हे तुम्हीही शिकून घ्या. बाळ शांत असताना अंगावरचं दुपटं बाजूला करा, पोट एकदा वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच भरभर चालतो, हिशोब चुकतो. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तरीही तेवढेच? लगेच दवाखाना.

तुमच्या लोहाच्या लाल गोळ्या गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस. चहासोबत नको, कॅल्शियमसोबतही नको; दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. शौचाला काळी होते म्हणून कितीतरी जणी गोळ्या बंद करतात. घाबरू नका, ते लोहामुळेच होतं.

आता लसी. जन्मल्यावर बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओ आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. पुढे 6, 10, 14 आठवड्यांना. तीन महिने माहेरी राहिलात तर पहिल्या दोन खेपा तिथं, तिसरी सासरी. सरकारी लस कुठंही मोफतच मिळते. उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेल्या मात्रेपासून पुढं जायचं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा, आणि उठण्याआधी कार्डावर तारीख लिहिली का ते बघून घ्या.