सेख्मेटचे बाण

मंडळी, जुन्या काळी माणसं सूर्याला फक्त पुजत, असं आपण सहज म्हणतो; पण ती त्याला भीतही असत. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालवून आपण ज्या सूर्याला पूजतो, त्याच्यावर महाभारतात जमदग्नींनी धनुष्य रोखलं होतं. अनुशासनपर्वात ही कथा आहे. जमदग्नी बाण सोडत होते आणि रेणुका ते वेचून आणत होती. ज्येष्ठातलं ऊन. तिचे पाय पोळले, डोकं तापलं, ती झाडाखाली थांबली. उशिराचं कारण कळताच ऋषी सूर्यालाच पाडायला निघाले. सूर्य शरण आला आणि त्याने छत्री नि पादत्राणं दिली. माहूरची रेणुका आपल्यापैकी कितीतरी घरांची कुलदेवी आहे, म्हणून ही कथा आधी सांगितली. आपण फक्त सूर्यपूजक होतो, असं म्हणताना तिचा विसर पडू नये.

सूर्याचं भय सर्वांत बारकाईने मांडलं ते इजिप्तने. तिथे एक जुनी कथा आहे. रा हा सूर्यदेव म्हातारा झाला, तेव्हा माणसं त्याच्याविरुद्ध कट करू लागली. रानं आपला डोळा त्यांच्यावर सोडला. त्या डोळ्याने देवीचं रूप घेतलं आणि वाळवंटात पळालेल्या माणसांची कत्तल मांडली. हीच सिंहमुखी सेख्मेट. पुढे रालाच दया आली, पण देवी कुठली आवरायला! मग रातोरात बिअर गाळली, तिच्यात लाल माती कालवली आणि ते सात हजार घडे शेतांत ओतले. सकाळी देवीला ते रक्त वाटलं. ती प्यायली, झिंगली, आणि माणसं वाचली. 1922 साली सापडलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्यात, सोन्याने मढवलेल्या सर्वांत बाहेरच्या देव्हाऱ्यावर ही कथा कोरलेली आहे.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इथे संहार करणारी शक्ती सूर्याची शत्रू नाही, ती त्याचाच डोळा आहे. पिकं पिकवणारं ऊनच माणूस मारतं, हे नाईलकाठचा शेतकरी जाणून होता. वर्षाचे शेवटचे पाच दिवस, म्हणजे मुळात नाईलला पूर येण्याआधीचे ऐन उन्हाळ्याचे दिवस, सर्वांत घातक मानले जात. रोगांच्या साथी म्हणजे सेख्मेटचे बाण. त्या दिवसांत देवांची चित्रं काढलेली कापडाची पट्टी मंत्र म्हणून, गाठी मारून गळ्यात बांधत.

अतेन या सूर्यबिंबाचीच पूजा चालवणाऱ्या अखेनातेन राजाने हे सगळं बाजूला सारलं. त्याच्या सूर्यस्तोत्रात भीती आहे ती रात्रीची: अंधारात सिंह बाहेर पडतात, साप डसतात. सूर्य उगवला की सगळं मंगल. स्तोत्र अतिशय सुंदर आहे, पण मला ते उन्हात राबणाऱ्या माणसाचं वाटत नाही. त्याचा पंथ त्याच्यामागे टिकला नाही. त्याची कारणं बरीचशी राजकीय होती. तरी सेख्मेट लोकांच्या मनातून गेली नाही, हेही खरं.

आणि या भीतीतून नुसते गंडेदोरे निघाले नाहीत. जी रोग पाठवते तीच तो परत घेऊ शकते, या विश्वासातून सेख्मेटचे पुजारी रोग्यांवर उपचार करू लागले. इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराचा एबर्स पपायरस हा इजिप्तचा वैद्यकग्रंथ घ्या. हृदय सगळ्या अवयवांतून बोलतं (म्हणजे नाडी), असं सांगताना त्यात लिहिलंय की रोग्याच्या डोक्यावर, हातांवर, पायांवर हात ठेवला की ते जाणवतं. हात ठेवणारे कोण? वैद्य, मांत्रिक आणि त्यांच्या जोडीने सेख्मेटचा पुजारी.