गंज नव्हे, तडा पाहावा : अमेरिकेतील गॅरेज सेल आणि जुनी हातहत्यारे

श्रोतेहो,

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींना गॅरेज सेल म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. शनिवारी सकाळी नाक्यावरच्या खांबाला पुठ्ठ्याची पाटी लागते, बाणाच्या रोखाने गाडी वळवली की कोणाच्या तरी अंगणात मुलांच्या सायकली, काचेची भांडी, नाताळची सजावट आणि वाचून झालेली पुस्तके मांडलेली दिसतात, आणि पुष्कळदा सर्वांत मागे, गॅरेजच्या भिंतीलगत, एका खोक्यात गंजलेल्या लोखंडाचा ढीग पडलेला असतो. आजचे व्याख्यान त्या खोक्याविषयी आहे.

ही हत्यारे या देशात इतक्या मुबलक संख्येने का सापडतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात येथील घरे प्रामुख्याने लाकडाची होती आणि ती बांधणाऱ्या सुतारांच्या जोडीला घरमालकही आपली किरकोळ सुतारकी स्वतःच करीत. त्या मागणीवर मोठे कारखाने उभे राहिले. कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटनमध्ये स्टॅनली कंपनी रंधे करू लागली. मूळच्या इंग्लंडमधल्या हेन्री डिस्टनने 1840मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा धंदा सुरू केला. मॅसॅच्युसेट्समध्ये मिलर्स फॉल्सची गिरमिटे आणि अ‍ॅथॉल गावी स्टॅरेटची मापनाची अवजारे तयार होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारी यंत्रे घरोघरी पोहोचली आणि ही सारी हत्यारे तळघरात गेली. ज्यांनी ती तळघरात ठेवली त्यांची घरे आता मुले-नातवंडे रिकामी करीत आहेत. त्यांना त्या खोक्याचे काय करावे हे कळत नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या समाजातून आलेल्या माणसाला ते चित्र पाहून थोडे वाईट वाटते खरे, पण ग्राहक म्हणून त्याचा फायदाही होतो.

नवखा माणूस हत्यार उचलतो, गंज पाहतो आणि खाली ठेवतो. किंवा एखादे चकचकीत घासलेले हत्यार पाहून भाळतो. माझ्या मते दोन्ही चुकीचे आहे. वरवरचा गंज हा बहुतेक वेळा एका दुपारचा प्रश्न असतो. ओतीव लोखंडातला तडा, हरवलेला विशिष्ट आट्यांचा स्क्रू आणि धारेच्या जागी खोलवर पडलेले खड्डे यांना मात्र घरगुती उपाय जवळपास नाही. चकचकीत हत्याराची तर मला अधिक भीती वाटते, कारण वायरच्या ब्रशने घासताना नाव, शिक्के आणि कडा यांतले काय काय गेले हे कळायला मार्ग उरत नाही.

रंध्याचे उदाहरण सविस्तर घेऊ, कारण खोक्यात सर्वाधिक आढळणारी मोलाची वस्तू तीच. लिओनार्ड बेली या कारागिराने लोखंडी रंध्याचे पाते स्क्रूने वरखाली करण्याची युक्ती बसवली, त्याची महत्त्वाची पेटंटे 1867मधील आहेत आणि 1869मध्ये स्टॅनलीने त्याचा धंदा विकत घेतला. तेव्हापासून पुढे सुमारे शंभर वर्षे रंध्याचा मूळ आराखडा फारसा बदलला नाही. त्यामुळे एका रंध्याचा सुटा भाग दुसऱ्याला अनेकदा बसतो. क्रमांक 4 हा नऊ इंचांचा, शेवटचा हात फिरवून गुळगुळीत करण्याचा. क्रमांक 5 हा चौदा इंचांचा, सर्वसाधारण कामाचा. आणि क्रमांक 7 हा बावीस इंचांचा, लांब फळीची कड सरळ करण्याचा. क्रमांक 5 इतका विकला गेला की तो मिळाला नाही असा मोसम सहसा जात नाही.

तो हातात आला की प्रथम उलटा करावा. तळाच्या ज्या चिरेतून पाते बाहेर येते त्या तोंडाच्या दोन्ही टोकांपासून बाजूच्या भिंतींकडे बारीक रेघ जाते का, हे नखाने चाचपून पाहावे. नख अडकले तर तो तडा समजावा, आणि विकणाऱ्याने कितीही प्रेमाने आग्रह केला तरी रंधा खाली ठेवावा. मग वरची पकड सैल करून पाते काढावे आणि धारेपासून पात्यातल्या लांबट खाचेपर्यंत किती पोलाद शिल्लक आहे ते पाहावे. वारंवार धार लावून काही पाती बोटभर उरलेली असतात. मागच्या मुठीचे वरचे शिंग मोडलेले असणे ही नित्याची बाब आहे, ते चिकटवता येते. पण मूठ आणि पुढची गाठ, म्हणजे दुसऱ्या हाताने धरायचा गोल भाग, घट्ट धरणारे स्क्रू गहाळ असतील तर सावध व्हावे, कारण त्यांचे आटे स्टॅनलीचे खास आहेत आणि तसा स्क्रू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. पाते वरखाली करणारी पितळी चकती फिरत नसेल तर जोर करण्याआधी लक्षात असू द्यावे की तिचे आटे बहुधा डावे असतात. उलट्या दिशेने पिळून ती बिघडवणारे बरेच आहेत.

पाते ज्या बैठकीवर टेकते तिच्या मागे, काळ्या रंगाच्या थराखाली, ओतीव अक्षरांत पेटंटच्या तारखा दिसतात. मार्च 1902 आणि ऑगस्ट 1902 या दोनच असतील तर रंधा साधारण त्या दशकातला. एप्रिल 1910 ही तिसरी तारीखही जोडलेली असेल तर 1910 ते 1920च्या दशकाचा पूर्वार्ध. पात्यावर हृदयाकृतीचा शिक्का असेल तर पाते 1920नंतरचे, कारण तो शिक्का कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून घेतला गेला. मात्र पाती बदलली जातात, म्हणून शरीर आणि पाते यांची वये वेगळी निघणे यात फसवणूक असेलच असे नाही.

करवतीचे निदान डोळ्यांनी होते. मूठ डोळ्यासमोर धरून दातांच्या रेषेवरून टोकापर्यंत नजर टाकावी. एकसारखा हलका बाक चालतो, तो काढणारे कारागीर आहेत. अचानक मोडल्यासारखा घडीचा वाक मात्र काढणे फार कठीण. मुठीवरच्या पितळी बिल्ल्यावर ‘डिस्टन अँड सन्स, फिलाडा’ असे वाचता आले तर मन लावून पाहावे, कारण 1955मध्ये ही कंपनी विकली गेली आणि त्यानंतरच्या मालाला पूर्वीचा मान नाही. नुसतेच ‘वॉरंटेड सुपीरियर’ असेल तर करवत वाईट नसते, पण ती बहुधा दुय्यम प्रतीची म्हणून काढलेली असते. पात्यावर कोरलेली जुनी नक्षी गंजाखाली जिवंत असू शकते, म्हणून सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिशकागद लावून हलक्या हाताने घासावे.

पटाशीबाबत एकच गोष्ट पाहावी, ती म्हणजे तिची पाठ, उताराच्या उलट असलेली सपाट बाजू. धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभागांची भेट, तेव्हा पाठीवर धारेजवळ खड्डे असतील तर उतार कितीही घासा, धार दातेरीच राहणार. गिरमिटाची पाती घेताना टोकाचा बारीक मळसूत्री भाग शाबूत आहे ना ते बघावे. त्यांवरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांत असतो, म्हणजे 8 लिहिले असेल तर अर्धा इंच. 4 ते 16 अशा तेरा पात्यांचा पूर्ण संच कापडी गुंडाळीत मिळाला तर घासाघीस करू नये.

घासाघिशीबद्दल बोलायचे तर गॅरेज सेलमध्ये ती गैर मानली जात नाही, पण ती सभ्यपणे, दोन-चार वस्तू एकत्र करून करावी. इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घर रिकामे करताना सारे सामान विकायला काढतात तिथे, शेवटच्या दिवशी किंमत पुष्कळदा निम्मी होते, आणि चांगले हत्यार पहिल्याच तासात जाते. यातले काय पत्करायचे हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नसेल तेव्हा काय करावे, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. वीस डॉलरांच्या आतला साधा रंधा त्याने मागितलेल्या किमतीला खुशाल घ्यावा. पण साडेपाच इंचांचा, संग्राहक ज्याच्यासाठी झुरतात तो क्रमांक 1 एखाद्या विधवा बाईंनी टेबलावर पाच डॉलरला ठेवला असेल, तर त्यांना सांगणे हेच योग्य. येथे बसलेल्या काही जणांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

घरी आणल्यावर उत्साह आवरावा. रॉकेलने मळ काढावा, गंजावर पांढरे व्हिनेगर वापरायचे तर वस्तू रात्रभर विसरून न जाता मधून मधून तपासावी, नंतर सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून ती पूर्ण कोरडी करावी आणि तेलाचा हात द्यावा. विजेच्या साहाय्याने गंज काढणाऱ्यांनी धनाग्र, म्हणजे विजेच्या धन टोकाला जोडायचा धातू, म्हणून स्टेनलेस पोलाद अजिबात वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम बाहेर पडते. जुन्या रंगात शिसे असू शकते, तो कोरडा घासू नये. आणि मुठीला जवसाचे तेल लावून झाल्यावर त्या चिंध्या गोळा करून टाकून देऊ नयेत, त्या आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

यातले काही भारतात न्यावे असे अनेकांच्या मनात येते. पटाशी, करवत, रंध्याचे पाते हे सामानाच्या बॅगेत जाते, हातातल्या पिशवीत नाही. पण एक अडचण फार थोड्यांना माहीत असते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या स्टॅनली रंध्यांच्या मुठी ब्राझीलच्या रोजवूडच्या आहेत, आणि ते झाड 1992पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे. तेव्हा योग्य कागदपत्रांवाचून अशी मूठ सीमेपलीकडे नेणे टाळावे. गावाकडच्या सुतारमामांना रंधा द्यायचाच असेल तर मूठ आणि गाठ येथेच काढून ठेवून लोखंडी भाग आणि स्क्रू तेवढे न्यावेत. सागवानाची किंवा शिसवीची नवी मूठ ते स्वतःच, आपल्या हाताच्या मापाने, बसवून घेतील.