पदरचं तिकीट

निपाणी. तंबाखूच्या वखारी, आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत उंबऱ्याशी बसून विड्या वळणाऱ्या बायका. मांडीवर सूप. कात्रीनं पान कापायचं, जर्दा भरायचा, वळून दोऱ्यानं बांधायचं. चेहरा दाखवायचा नाही ही यातल्या एका मावशींची अट होती, म्हणून या फिल्ममध्ये तुम्ही फक्त त्यांचे हात बघताय.

धाकटा पोटात असताना रक्त तपासलं, तेव्हा मावशींना एचआयव्ही असल्याचं कळलं. औषधं वेळेवर मिळाली, मुलगा निगेटिव्ह निघाला. मावशींची मात्र रोज रात्री एक गोळी. डबी खुळखुळू नये म्हणून आत कापसाचा बोळा, आणि लेबल घरी यायच्या आधीच सोललेलं.

आता हा बसस्टँड. उपचार बेळगावला मोफत आहेत. तिथवरची बसही फुकट, कारण 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या गाडीला तिकीट नाही. तरी मावशी चढतात ती कोल्हापूरच्या गाडीत. कोगनोळीचा टोलनाका, दूधगंगेचा पूल, कागल. महाराष्ट्रात जाणाऱ्या या आंतरराज्य गाडीला शक्ती योजना चालत नाही, तिकीट पदरचं. बेळगावच्या रांगेत गल्लीतलं कुणी ना कुणी भेटणारच, ही धास्ती. एकदा बातमी फुटली होती. भाड्याची खोली गेली, काम सुटलं. ते आमच्या कॅमेऱ्यात नाही.

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, सीमेच्या अल्याड-पल्याड सारखाच. काही ठरावीक अपवाद सोडले तर समजावून, संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही. तसंच, लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय सहसा कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही. आजाराचं कारण काढून घर, नोकरी, शाळा, उपचार नाकारायचे नाहीत. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दवाखान्यात तक्रार ऐकायला अधिकारी नेमलेला हवा. गुप्तता राखायचं काम कायद्यानं दवाखान्यावर टाकलंय. इथं ते मावशी करतात, तिकीट काढून.

तक्रार राज्याच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, करता येते. निकाल तीस दिवसांत, तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो चोवीस तासांत. कोर्टात गेलं तर खरं नाव झाकून सुनावणी मागता येते.

आम्ही भेटेपर्यंत यातलं काहीच मावशींना कुणी सांगितलं नव्हतं.