सत्तावीस लिहिताना बहात्तर का होतात?

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची सुट्टी संपली. किल्ल्यावरचे मावळे बुटाच्या खोक्यात जाऊन बसले आणि शाळांचं दुसरं सत्र सुरू झालं. आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमाराला आता ठरलेले आवाज येतात. आधी कुकरची शिट्टी, मग कुणीतरी गाडी स्टँडला लावल्याचा आवाज, आणि मग खालच्या मजल्यावरून, "सत्तावीस सांगितलं न्हवं तुला? ह्ये काय लिहिलंयस?" पाठोपाठ कधी कधी एक फटका, आणि रडणं.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी दुसरीच्या वर्गावर. परवा राहवलं नाही, खाली गेले. वहीत ७२ लिहिलेलं. आई म्हणाली, "बघा की बाई, रोज शिकवतोय तरी उलटंच लिहितंय." मी त्या पोराला म्हटलं, "तू काय ऐकलंस ते सांग." तो म्हणाला, "सत्ता म्हणजे सात, मग वीस. म्हणून आधी सात लिहिला, मग दोन."

आता सांगा, ह्यात त्याचं काय चुकलं? आपण मराठीत लहान आकडा आधी बोलतो आणि लिहिताना मोठा आधी लिहितो. पोरगं कानाशी प्रामाणिक राहिलं, एवढाच त्याचा गुन्हा. एकोणतीसचं तर विचारूच नका. एकाने उणे तीस, म्हणून एकोणतीस. मुलाच्या कानावर 'तीस' पडतं आणि ते बिनधास्त ३९ लिहून मोकळं होतं. निपाणीकडच्या कानडी बोलणाऱ्या घरातलं पोरगं सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणतं, म्हणजे आधी वीस, मग सात. बोलतं त्याच क्रमाने लिहितं. आपल्या पोरांना ही सोय नाही.

तुम्हाला २०१९ ची गोष्ट आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं संख्यावाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला! विधानसभेत चर्चा झाली, आडनावांवरून कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. (आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या त्या पत्नी, हे जाता जाता.) त्यांचं म्हणणं साधं होतं, की मुलांची अडचण कमी व्हावी. मी तेव्हा स्टाफरूममध्ये जोरात भांडले होते, 'सत्तावीस' हा आपला शब्द आहे, तो जाता कामा नये म्हणून. आजही मला तो शब्द हवाच आहे. पण मूल अडखळलं की मी गुपचूप म्हणते, "वीस सात, म्हणजे सत्तावीस." दोन्ही एका दमात. भांडण मोठ्यांचं होतं. मुलाला दोन्हीतलं जे आधी उमगेल ते चालतं.

घरी काय करायचं, तर डब्यातली चिल्लर काढा. दहाच्या पाच-सहा नोटा आणि रुपयाची पंधरा-वीस नाणी. सत्तावीस रुपये मांड म्हणायचं. दोन नोटा डावीकडे, सात नाणी उजवीकडे. मग म्हणायचं, आता आकडा लिही. ज्याने हाताने दोन नोटा आधी ठेवल्या, तो सात आधी लिहीत नाही.

ह्याच नोटा-नाण्यांवर दुसरीतलं सगळ्यात अवघड प्रकरणही उलगडतं, हातच्याचं. अठ्ठावीस आणि पंधरा. आठ नाणी, वर पाच, झाली तेरा. त्यातली दहा आईला द्यायची आणि आईकडून एक नोट घ्यायची. ती नोट हातात आली, म्हणून तो 'हातचा'. तीन नोटांत ती चौथी. खाली तीन नाणी. झाले त्रेचाळीस. वजाबाकीत उलटं. बेचाळीसमधून सतरा द्यायचेत, पण सुटे दोनच आहेत. मग एक नोट मोडायची. बारा सुटे झाले, त्यातले सात दिले, पाच उरले. राहिलेल्या तीन नोटांतली एक दिली. पंचवीस. दुकानात सुट्टे मागताना आपण रोज हेच करतो, पण वहीवर आलं की 'शेजारच्याकडून उसना घे' असं काहीतरी मंत्रासारखं पुटपुटतो आणि मूल आपल्या तोंडाकडे बघत बसतं.

एक मात्र सांभाळा. तुम्हाला तुमच्या शाळेत ज्या पद्धतीने वजाबाकी शिकवली, ती मुलाच्या शाळेतली नसेलही. घरी एक, शाळेत दुसरी, अशाने पोराचं डोकं चक्रावतं. गेटवर बाईंना गाठून विचारा, "तुम्ही कसं शिकवता, एकदा दाखवा." कुठल्याही बाईंना ह्याचा राग येत नाही. उलट बरं वाटतं.

वाचनाकडे येते. दुसरीत जोडाक्षरं पक्की व्हायची असतात आणि तिथेच गाडी अडते. पुस्तक समोर धरलं की मुलं कंटाळतात. मग त्यांना घेऊन रस्त्यावर चला. महाद्वार रोडला पाट्याच पाट्या. आमचा एक विद्यार्थी 'महादवार' वाचायचा. त्याला म्हटलं, द आणि व ने एकमेकांचा हात धरलाय, सोडवू नकोस. केएमटीच्या बसवर लक्ष्मीपुरी लिहिलेलं असतं. त्यात क, ष आणि म असे तिघं एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेत. बस येईपर्यंत तेवढंच वाचायचं. आणि मूल अडलं की लगेच सांगू नका हो! मनात पाच आकडे मोजा. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते. मुलाला तेवढा वेळ लागतोच.

'निपुण भारत' ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली. दुसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं तिच्यात म्हटलंय. हे कळल्यापासून काही पालक मोबाईलवर टायमर लावून बसतात. त्यांना 'अर्थासह' हा शब्द दिसत नाही. धडा वाचून झाल्यावर "मग त्या माकडाने असं का केलं असेल?" एवढं विचारा. तो सांगू लागला की घड्याळाकडे बघायचं कारण उरत नाही.

भाषेचंही सांगते. आपल्याकडे पोरी "मी आलो, मी गेलो" म्हणतात. पुण्या-मुंबईकडची माणसं हसतात. हसू देत. पण वहीत तिने 'मी शाळेत गेलो' लिहिलं की आईच ओरडते, "चुकीचं बोलतीस!" ते चुकीचं नाही, ते घरचं बोलणं आहे. "आपण घरात असं म्हणतो, पुस्तकात 'गेले' लिहितात," एवढं सांगितलं की पुरतं. स्वतःच्या आईची भाषा अशुद्ध आहे असं ज्या पोरीला वाटलं, ती वर्गात तोंड उघडेनाशी होते. अशा पोरी मी पाहिल्यात. नोकरीच्या सुरुवातीला एखाद-दुसरी माझ्यामुळेही गप्प झाली असेल.

इंग्रजी माध्यमात घातलंय आणि आपल्याला इंग्रजी येत नाही, म्हणून ज्या आया मान खाली घालतात, त्यांना माझं सांगणं आहे की त्यांनी "आज काय शिकवलं ते मला मराठीत समजावून सांग" म्हणावं. मुलाला समजलं असेल तर ते सांगतं. नसेल समजलं तर तिथेच कळतं. ट्यूशनच्या बाईंना महिन्याने जे कळतं, ते तुम्हाला चपात्या लाटता लाटता कळेल.

"शाळा घरचा अभ्यासच देत न्हाई ओ," ही तक्रार रोज ऐकते. अहो, २०२० च्या दप्तर धोरणातच आहे की दुसरीपर्यंत घरचा अभ्यास देऊ नये. दप्तराचं वजनही दिलंय, पहिली-दुसरीला साधारण १.६ ते २.२ किलो. आज रात्री काट्यावर ठेवून बघा. त्यात दोन पाण्याच्या बाटल्या आणि मागच्या वर्षीच्या वह्या निघतील, पैज लावते. अभ्यास दिला नाही म्हणून आपण घरी दोन तासांची शाळा भरवायची, हे मला पटत नाही. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. बाकी वेळ त्याला भाजीची यादी लिहू दे, ताटं मोजू दे, रंकाळ्यावर पळू दे.

आणि हात उगारू नका. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला. घरातल्या सात वाजताच्या फटक्याला मात्र कुणी दंड लावत नाही. एक रुपया लावला असता तर आमच्या गल्लीतनं बरीच वसुली झाली असती.

खालचा तो पोरगा रविवारी पन्हाळ्याकडे मामाच्या गुऱ्हाळावर गेला होता. आल्या आल्या वर आला. म्हणाला, "बाई, मामाकडं गुळाचे दहा किलोचे रवे असतात आणि किलोचे बी. दोन मोठे आणि सात बारके घेतले की सत्तावीस." मी म्हटलं, शाब्बास. काकवीचा डबा पुढे करत त्याने लगेच विचारलं, "मग एकोणऐंशी असतंय, एकोणनव्वद असतंय, तर नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत न्हाईत?"

मी त्याला वही दिली आणि पहिल्या पानावर 'एकोणशंभर' लिहायला सांगितलं. त्यातलं 'भ' त्याने अजून जरा वाकडंच काढलंय.

नमस्कार.