पित्तनलिकेचं चित्र आणि त्यातले चकवे

(दृश्य: काळ्या पडद्यावर पांढऱ्याशुभ्र नलिकांचं जाळं सावकाश फिरतं आहे.)

यकृतातल्या बारीक नलिका एकमेकींना मिळत खाली उतरतात आणि मुख्य पित्तनलिका तयार होते. आडवी येणारी ती स्वादुपिंडाची नलिका. हे चित्र काढायला तोंडातून दुर्बीण घालावी लागलेली नाही, क्ष-किरण नाहीत, शिरेतून डायही दिलेला नाही. ही एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिकांची एमआरआय तपासणी.

तिची युक्ती साधी आहे. साचलेल्या द्रवाचा एमआर सिग्नल हळू विरतो, यकृतासारख्या घट्ट पेशीजालाचा झटकन. म्हणून यंत्र सिग्नल टिपायला मुद्दाम उशीर करतं. तोवर आजूबाजूचं सगळं काळं पडतं आणि पित्त चमकत राहतं.

अडचण अशी, की जठरातलं पाणीही तितकंच चमकतं. त्यासाठी तपासणीआधी निदान चार तास उपाशी राहायचं. पित्ताशयही भरलेलं मिळतं. काही ठिकाणी अननसाचा रस पाजतात, कारण त्यातल्या मँगनीजमुळे जठर काळं दिसतं.

(दृश्य: रुग्ण यंत्रात सरकतो. पोटावर सिग्नल टिपणारी कॉइल, श्वास टिपणारा पट्टा.)

पेसमेकर, मेंदूतल्या क्लिप, कानातलं इम्प्लांट यांची चौकशी आधीच झालेली असते. जाड स्लॅबची, म्हणजे एक जाड थर एकदम टिपणारी चित्रं श्वास रोखून काही सेकंदांत निघतात. थ्री-डी चित्रांना काही मिनिटं लागतात. काप साधारण एक मिलिमीटरचे, श्वासाच्या लयीवर घेतलेले. ती लय बिघडली की नलिकांच्या कडा पुसट होतात. अशा वेळी श्वास रोखून घेतलेली चित्रं हाताशी असलेली बरी.

आता वाचन. फिरतं चित्र देखणं असतं, पण निदान त्याच्यावर करू नये. ते प्रत्येक रेषेवरचा सर्वांत उजळ बिंदू उचलून बनतं, त्यामुळे भोवतालच्या पित्ताच्या उजेडात काळा दिसणारा छोटा पित्तखडा सहज गडप होतो. तो शोधायचा मूळ पातळ कापांमध्ये.

काळा ठिपका म्हणजे खडाच, असंही नाही. आडव्या कापात खडा पाठीच्या बाजूला बसतो, हवेचा बुडबुडा पोटाच्या बाजूला तरंगतो. यकृताची उजवी धमनी नलिकेवरून जाताना खोटं आकुंचन दाखवते. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतली क्लिप शेजारचा सिग्नल खाऊन टाकते. आणि खालच्या टोकाचा स्नायू आवळलेला असेल, तर हुबेहूब अडकलेला खडा वाटतो! थोडं थांबून तेच चित्र पुन्हा घ्यायचं. स्नायू सैल पडला की ‘खडा’ नाहीसा होतो.

पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही फुगलेल्या दिसल्या, तर स्वादुपिंडाच्या डोक्याकडे गाठीसाठी बारकाईनं पाहावं लागतं. मण्यांच्या माळेसारखी आकुंचनं स्क्लेरोझिंग कोलँजायटिसची, म्हणजे सुजेमुळे पित्तनलिका जागोजागी अरुंद होण्याच्या आजाराची शंका आणतात. स्वादुपिंडाची नलिका फारच बारीक असेल, तर सिक्रेटिन हे संप्रेरक शिरेतून देऊन दहा मिनिटं चित्रं घेत राहतात. स्राव वाढतो, नलिका भरते.

काही मिलिमीटरचे खडे मात्र एमआरसीपीतूनही निसटतात. शंका कायम असेल, तर पुढची पायरी एंडोस्कोपिक सोनोग्राफी, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली सोनोग्राफी. ईआरसीपीनं, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत डाय सोडण्याच्या प्रक्रियेनं, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून ती खडा काढायला किंवा स्टेंट घालायला राखून ठेवतात.