ढगांवरचं झाकण

हा कॅलिफोर्नियाचा किनारा. हा पेरू-चिलीचा, आणि हा नामिबियाचा. उपग्रहातून पाहताना इथे कित्येकदा समुद्र दिसतच नाही, दिसतात ते शेकडो किलोमीटर पसरलेले पांढरे ढग, स्ट्रॅटोक्युम्युलस. जाडी जेमतेम काही शे मीटर. पाऊस म्हणाल तर फार तर झिमझिम. पण खालचं गडद पाणी जवळजवळ सगळं ऊन गिळतं आणि हे ढग त्यातला मोठा वाटा वरच्यावर परत पाठवतात.

किनाऱ्यालगत खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यामुळे त्यावरची हवा गार आणि दमट असते. तिच्या डोक्यावर मात्र उंचावरून उतरलेली उबदार, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. दमट हवेला वर जाता येत नाही, म्हणून ढग आडवा पसरतो. त्याचा माथा रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकून गार होतो. गार हवा खाली बुडते, समुद्रालगतची ओल वर चढते. ढग जगतो तो या उलाढालीवर.

समुद्र तापला की वाफ वाढेल, मग ढगही वाढतील, असं कुणालाही वाटेल. बहुतेकदा घडतं उलटंच. खालची हवा जितकी दमट, तितकी वरची हवा तिच्या तुलनेत कोरडी. ती माथ्यातून आत मिसळली की ढग विरत जातो. शिवाय वर कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प वाढलं, तर माथा पूर्वीसारखा गार होत नाही.

2015 च्या सुमारास ईशान्य प्रशांत महासागरात उष्णतेची लाट होती. तेव्हा बाहा कॅलिफोर्नियाजवळ ढग विरळ झाले, जास्त ऊन पाण्यात शिरलं आणि लाट आणखी तीव्र झाली.

झाकण घट्ट झालं, तर मात्र ढग तगतात. गेल्या काही दशकांत प्रशांताचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला. तिथली उष्णता उंच हवेतून दूरवर पसरली आणि पूर्वेकडचं झाकण पक्कं झालं. ही सवलत कायमची धरून चालणं मला तरी धोक्याचं वाटतं. पूर्वेचं पाणी तापू लागलं की ती संपते.

व्यापारी वाऱ्यांतले छोटे, सुटे ढग जरा चिवट निघाले. 2020 च्या सुरुवातीला बार्बाडोसजवळ विमानांनी आणि जहाजांनी त्यांची मोजणी केली. हे ढग झपाट्याने नाहीसे होतील असं सांगणाऱ्या संगणकीय प्रारूपांशी ती जुळली नाही.