बारा वाजताची बस

तिकिटावर बसची वेळ होती बारा. अदिस अबाबाहून उत्तरेला, बहिर दारला जायचं होतं. लॉजच्या मालकीणबाईंनी तिकीट हातात घेतलं, पाहिलं आणि म्हणाल्या, "पहाटे पाचला उठा. बस सहाला सुटते."

इथिओपियात तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. देश विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे बाराही महिने सूर्य सहाच्या आसपासच उगवतो आणि हा हिशेब बरोबर जमतो. मला माझी आजी आठवली. तिचा दिवस घड्याळावर नाही, दिवस कासराभर वर आला की नाही, त्यावर ठरायचा. मंडळी, परक्या देशातली ही माझी पहिली सकाळ. तेव्हापासून तीन आठवडे हेच होत राहिलं. काहीतरी अगदी अनोळखी समोर यायचं, आणि दोन मिनिटांत त्याच्या मागून घरचं कुणीतरी डोकावायचं.

ते २०१८ साल होतं. ११ सप्टेंबरला तिथे नवं वर्ष लागलं, २०११. त्यांची कालगणना आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालते, आणि वर्षाला महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. पावसाळा नुकता सरत आलेला असतो आणि डोंगरभर पिवळी रानफुलं फुललेली असतात. पांढरे कपडे घातलेल्या मुली ती फुलं हातात घेऊन दारोदार गाणी म्हणत हिंडतात. मी फाटकाशी उभा राहून ऐकत होतो. शब्द एकही कळत नव्हता, पण गाणं संपल्यावर खाऊची वाट पाहणारे ते चेहरे मला ओळखीचे होते. आपल्याकडे भुलाबाईच्या, भोंडल्याच्या गाण्यांनंतर पोरी अशाच उभ्या असतात.

खरं सांगतो, माझ्या पिढीच्या मनात इथिओपिया म्हणजे १९८४ च्या दुष्काळाचे फोटो. भेगाळलेली जमीन आणि हाडं वर आलेली मुलं. तो दुष्काळ खरा होता, त्याचं दुःख खरं होतं. पण एका देशाचा तेवढाच एक फोटो आपण चाळीस वर्षं भिंतीवर ठेवला. बसच्या खिडकीतून मला जे दिसलं, ते हिरवंगार पठार होतं आणि सपाट माथ्याचे डोंगर होते, थेट आपल्या देवगिरीसारखे. अशा डोंगराला तिथे 'अंबा' म्हणतात. ते पठारही आपल्या दख्खनसारखंच लाव्ह्याच्या थरांचं. म्हणून तर हे साम्य. मधेच रस्ता निळ्या नाईलच्या दरीत उतरतो, हजार मीटरहून जास्त खोल. बस वळणं घेत खाली जाते आणि पुन्हा तितकीच वर चढते. बसमधलं बोलणं आपोआप थांबलं होतं.

दरी ओलांडल्यावर पिवळ्या फुलांची शेतंच्या शेतं लागली. शेजारच्या तरुणाला विचारलं तर म्हणाला, "नूग." बहिर दारच्या बाजारात मी नूग पाहायला मुद्दाम गेलो. पोत्यात हात घातला, तर हातात आली ती कारळं! काळी, चकचकीत, लांबट कारळं. या पिकाच्या शास्त्रीय नावातच 'अबिसिनिका' आहे, म्हणजे अबिसिनियाचं, इथिओपियाचं. तिथल्याच पठारावर माणसानं ते पहिल्यांदा लागवडीला आणलं. आईच्या हातची कारळ्याची चटणी मी आयुष्यभर भाकरीबरोबर खाल्ली, आणि तिचं माहेर कुठलं, हे मला त्या पोत्यापाशी कळलं.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगतो. बुधवारी आणि शुक्रवारी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा उपास असतो. त्या दिवशी मांस नाही, अंडी नाहीत, दूधसुद्धा नाही. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची परातीएवढी पोळी, म्हणजे इंजेरा, आणि तिच्यावर 'शिरो'. शिरो म्हणजे डाळीच्या, हरभऱ्याच्या पिठाचं तिखट पिठलंच. सगळे एकाच ताटात जेवतात. पहिला घास शेजाऱ्याला भरवतात.

उत्तरेतल्या लालिबेला गावात अकरा चर्च आहेत, डोंगरात कोरलेली. सेंट जॉर्जच्या चर्चपाशी आपण जमिनीच्या पातळीवर उभे असतो आणि क्रुसाच्या आकाराचं छप्पर आपल्या पायांशी असतं. आधी चारही बाजूंनी खडक खोदून काढला, मग वरून खाली कोरत नेलं. वेरूळचं कैलास असंच घडलं, त्याच्या चारेकशे वर्षं आधी. मी वेरूळपासून तीस किलोमीटरवर वाढलेला माणूस. त्या कड्यावर मी बराच वेळ बसून राहिलो. पण एक फरक मनाला लागला. कैलास आपण तिकीट काढून पाहतो. इथे पहाटे पांढरी शाल पांघरलेली माणसं भिंतीला कपाळ टेकत होती.

तिथल्याच एका घरी मला कॉफीला बोलावलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलं होतं. आजींनी हिरव्या बिया धुतल्या, निखाऱ्यावर भाजल्या आणि तो धूर एकेकापुढे नेऊन प्रत्येकाला घ्यायला लावला. मग कुटून मातीच्या जेबेनात उकळल्या. कॉफी तीन वेळा देतात. पहिली 'अबोल', दुसरी 'तोना', तिसरी 'बराका'. बराका म्हणजे आपली बरकत. ती घेतल्याशिवाय उठायचं नसतं. घरातल्या आजोबांना शाळेत गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. सम्राट हैले सेलासींच्या काळात आपल्याकडचे अनेक शिक्षक तिकडे गेले होते. आता हे आजोबाच आमचे दुभाषे झाले.

ते म्हणाले, "आम्ही हबेशा." किती अभिमानानं म्हणाले! आणि माझ्या कानात आपला 'हबशी' वाजला. तोच शब्द. आपल्या गल्लीत तो कशासाठी वापरतात, तुम्हाला माहीत आहे. मला लाज वाटली, आणि मी मलिक अंबरची गोष्ट सांगितली. त्यांच्या मातीत जन्मलेला, चापू नावाचा मुलगा. गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तानातून, बगदादमधून दख्खनला आला. निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं. १६२४ ला भातवडीला त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले. माझं गाव, आजचं छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), त्यानं वसवलं, १६१० मध्ये, खडकी या नावानं. त्याच्या नहरीचं पाणी आमच्या वाडवडिलांनी प्यायलं. १६२६ ला गेला, कबर खुलताबादला आहे, मी दर पावसाळ्यात तिथे जातो.

आजोबा वाक्यावाक्यानं आजींना सांगत होते. आजींनी बराकाचा कप माझ्यापुढे ठेवला, आणि विचारलं, "त्याच्या आईला कधी कळलं का, तो कुठे गेला ते?"